हिवाळी नाइट रॅली: नॅव्हिगेटरच्या सीटवरून

रात्रीच्या रोड रॅलीत पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण गाडीबद्दलच विचारतात. इंजिन केवढं हवं, दिवे किती लावू? मी स्टिअरिंग नसलेल्या सीटवर बसतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल, पण हौशी रॅलीत गुण जातात ते नकाशा आणि घड्याळ चुकल्याने. वेग कमी पडला म्हणून क्वचितच.

रस्ता सगळ्यांसाठी खुला असतो, त्यामुळे ही शर्यत नसते. ठरवून दिलेला सरासरी वेग पाळायचा असतो. ब्रिटनमध्ये हा खेळ जुना आहे आणि तिथे ही सरासरी ताशी ३० मैलांच्या वर नेता येत नाही. म्हणजे साधारण ४८ किलोमीटर. कागदावर किरकोळ वाटतं. मध्यरात्री, गोठलेल्या एकपदरी रस्त्यावर, लागोपाठ फाटे शोधताना तेवढंही जड जातं.

ताशी ४८ म्हणजे किलोमीटरला ७५ सेकंद, १०० मीटरला साडेसात. निरनिराळ्या वेगांसाठी असा तक्ता आधीच करून ठेवा. रेग्युलॅरिटीच्या, म्हणजे ठरलेली सरासरी सतत पाळायच्या, टप्प्यात कंट्रोल (वेळ नोंदवण्याचं ठिकाण) कुठे आहे ते आधी सांगत नाहीत, त्यामुळे सतत वेळेवर असावं लागतं. लवकर पोहोचल्यावरही दंड बसतो, आणि काही नियमावलींत तो उशिरापेक्षा जबर असतो.

हिवाळ्यात इथेच एक गंमत होते. ट्रिपमीटरचा (कापलेलं अंतर मोजणाऱ्या यंत्राचा) सेन्सर इंजिनाने फिरणाऱ्या चाकावर असेल, तर बर्फावर चाक जागीच फिरतं आणि न कापलेलं अंतरही मोजलं जातं. १ टक्क्याची चूक १० किलोमीटरमध्ये १०० मीटर होते, म्हणजे पुन्हा तेच साडेसात सेकंद. सेन्सर शक्यतो न ओढणाऱ्या चाकावर घ्या आणि नकाशावर नक्की सापडणाऱ्या प्रत्येक चौकात आकडा जुळवून घ्या. टायर बदलले की आयोजकांनी मोजून दिलेल्या अंतरावर ट्रिपमीटर नव्याने तपासायचा, हे आलंच.

चालकाशी कसं बोलायचं हा सरावाचा भाग. अंतर, दिशा, वळणाचा प्रकार, बस्स. "दोनशे मीटर, डावीकडे, टी." (टी म्हणजे T आकाराचा तिठा.) त्याने ऐकलं का याची पोच घ्या. मान सतत नकाशात घातली तर पोटात ढवळतं. दोन सूचनांच्या मधे समोर बघा. ते सुरक्षिततेसाठीही हवं, कारण पुढे पूल आहे हे नकाशावर तुम्हाला आधी दिसतं. पुलाला खालूनही थंड हवा लागते, म्हणून तो बाकी रस्त्याच्या आधी गोठतो. ओढ्याकाठचा उतार आणि दाट झाडीतला पट्टा यांच्याबद्दलही आधीच सांगायचं. गाडीतला थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो. तो २ अंश म्हणत असताना रस्ता शून्याखाली असू शकतो. आणि बर्फ सर्वांत निसरडा शून्याच्या आसपास असतो, पाण्याचा पातळ थर असताना. कडाक्याच्या थंडीत उलट पकड जरा बरी मिळते. उन्हाळी टायरचं रबर मात्र ७ अंशांखालीच कडक व्हायला लागतं, तेव्हा विंटर टायरवर खर्च करा, जादा दिव्यांवर नको.

दिव्यांचं वेड तसंही आवरायला हवं. धुक्यात किंवा पडत्या बर्फात मोठा झोत डोळ्यांवर उलटतो. एलईडी दिव्यांची काच फारशी तापत नाही, तिच्यावर साचलेला बर्फ हातानेच पुसावा लागतो. वस्तीजवळ शांतता-क्षेत्र असेल तर तिथे झोत खाली आणि आवाज कमी. न पाळल्यास दंड होतो. नियमावलीतलं दिव्यांचं कलम दोनदा वाचा. १९६६च्या मोंटे कार्लो रॅलीत पहिल्या तिन्ही क्रमांकांच्या मिनी गाड्या हेडलाइटच्या झोताच्या नियमावरून बाद झाल्या आणि विजेतेपद सित्रोएनला गेलं! त्यावर लोक अजून भांडतात.

काचेवर आतून वाफ धरते, म्हणून हीटरसोबत एसी चालू ठेवा, तो हवेतली आर्द्रता काढतो. ओले कोट डिकीत टाका. फावडं, दोर, टॉर्च, धोक्याचा त्रिकोण, ब्लँकेट आणि कोरडे हातमोजे गाडीत हवेतच.

वाट चुकली की नवखी जोडी ती वेळ पुढच्या सरळ रस्त्यावर भरून काढू पाहते. हिवाळ्यात याला माझा साफ नकार असतो. त्याऐवजी नकाशावर पुढचा कुठला कंट्रोल गाठता येईल ते बघा. मधला एखादा सोडल्याचे गुण जातात, पण एकूण उशीर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की अख्खी जोडीच बाद होते. हा हिशेब गाडीत फक्त नॅव्हिगेटर करू शकतो, चालकाने तो मानायचा असं निघण्याआधीच ठरवून घ्या.

रॅली सोडावी लागली तर आयोजकांना लगेच कळवा. नाहीतर कंट्रोल सांभाळणारे मार्शल तुमची वाट बघत थंडीत उभे राहतात आणि पहाटे शोधाशोध सुरू होते. पूर्ण केली असेल तर टाइम कार्डावरच्या, म्हणजे कंट्रोलच्या वेळा लिहिलेल्या कार्डावरच्या, नोंदी जागेवरच तपासा. हरकतीची मुदत थोडी असते. मग तिथेच दोन-तीन तास झोपा आणि त्यानंतरच घरी निघा.