एक्झॉस्टचे स्टड बदलताना या चुका टाळा

जुन्या मोटरसायकलचा सायलेन्सर उतरवायचा म्हटलं की इंजिनच्या हेडवरचे, पाईप धरून ठेवणारे ते दोन नट बघूनच पोटात गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही. पोलादी स्टड, म्हणजे हेडमध्ये बसवलेला, ज्यावर हा नट चढतो तो आट्यांचा दांडा, आणि ॲल्युमिनियमचं हेड या जोडीत ओल शिरली की ॲल्युमिनियम कुजतं आणि त्याची पांढरी पूड आट्यांत सिमेंटसारखी बसते. सोलापूरची हवा तशी कोरडी. पण भर उन्हात चालवून आणलेली गाडी थेट वॉशिंगला लावायची आणि तापलेल्या हेडवर पाण्याचा फवारा मारायचा, या सवयीने ओलीची सोय होते.

हेडपाशी काळी काजळी दिसत असेल, थंड इंजिन चालू करताना तिथून फटफट आवाज येत असेल किंवा रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजत असतील, तर जोड गळतोय असं समजा. मात्र सगळ्या गाड्यांना स्टड नसतात. जावा-येझदीला बेंड पाईप (हेडपासून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाईप) मोठ्या रिंग नटवर बसतो आणि तो हुक पान्याने खोलतात. इथे आपण दोन स्टडच्या गाड्यांचंच बोलू.

पहिली चूक घाईची. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी गाडी लावायची आणि पान्याला पाईप घालून जोर द्यायचा, हा स्टड मोडायचा खात्रीचा रस्ता आहे. आदल्या रात्रीच तारेच्या ब्रशने आटे साफ करा आणि रस्ट पेनिट्रंट (गंजात मुरणारं तेल) मारा, सकाळपर्यंत दोन-तीनदा. डिझेल चालतं, पण ते सावकाश मुरतं. पाना सहा कोनी सॉकेटच घ्या. एम 6 (6 मिलिमीटर जाडीच्या) स्टडच्या नटला साधारणपणे 10 चा पाना लागतो. बारा कोनी रिंग गंजलेल्या नटचे कोपरे खाते, आणि कोपरे गेले की सोपं काम अवघड होतं.

नट उलटा फिरवण्याआधी किंचित घट्टच्या बाजूला ढकला. ‘टक्’ असा बारीक आवाज आला तर गंज सुटला. मग पाव फेरा सैल, थोडा घट्ट, पुन्हा तेल, असं करत बाहेर आणा. इथे हाताचं ऐका. पाना फिरतोय पण सोडला की मागे येतोय, म्हणजे नट सुटत नाहीये, स्टड पिळला जातोय. तिथेच थांबा. त्यापुढे पाना अचानक हलका झाला, तर बहुतेक वेळा नट सुटलेला नसतो, स्टड तुटायला लागलेला असतो.

अडलं तर उष्णता द्या. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून स्टड काढताना स्टड नाही, हेड तापवायचं. हीट गनने, पाण्याचा थेंब चर्रकन उडेल इतकं पुरे. गॅसची ज्योत नको. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे इशारा मिळत नाही. आणि काहीही तापवण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून बाजूला ठेवा, पेनिट्रंट पुसून घ्या. स्टड काढायला त्यावर दोन नट एकमेकांवर आवळा आणि आतल्या नटला पाना लावा. बसवताना बाहेरच्या नटला.

स्टड मोडलाच तर लगेच ड्रिल उचलू नका. तीन-चार मिलिमीटर तुकडा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. आधी बॅटरी आणि सीडीआयची (इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक डबीची) जोडणी मात्र काढा. हेडशी सपाट मोडला असेल तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्या. हाताच्या ड्रिलने भोक तिरपं जातं आणि बिट मऊ ॲल्युमिनियमकडे घसरतं. सगळ्यात महाग चूक म्हणजे बारीक इझी आऊट (मोडका स्टड बाहेर काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालून पिळणं. ते कडक पोलादाचं असतं. आत तुटलं की साधं बिट त्याला लागत नाही, मग स्पार्क इरोजनशिवाय (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढण्याशिवाय) गत्यंतर नाही. हेडमधले आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी) घाला. फक्त आटे साफ करायचे असतील तर एम 6 ला 1 पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर) आणि एम 8 ला बहुधा 1.25 पिचचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, लागतो. पिच गेजने मोजल्याशिवाय टॅप घालू नका, जुन्या ब्रिटिश वळणाच्या इंजिनांत तर मुळीच नाही. गाडीवरच टॅप मारायचा असेल तर पिस्टन कंप्रेशनच्या टोकाला आणा, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद राहतो, आणि पोर्टमध्ये कापड कोंबा.

नवा स्टड 8.8 ग्रेडचा (पोलादाच्या मजबुतीचा आकडा) घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला आटे पाडलेला बार कापून घालणं स्वस्त पडतं, पण तो बहुधा मऊ असतो आणि तापून ताणला जातो. आट्यांना कॉपर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी तांब्याची पेस्ट) लावा. साधं ग्रीस जळून कोळसा होतं, थ्रेडलॉक (आटे चिकटवणारा गोंद) इथल्या उष्णतेत टिकत नाही, नायलॉनवाला नट तर नकोच. पितळी नट उत्तम. आवळताना स्टड तळाला दाबून पिळू नका, बोटाने बसवून हलकासा आवळला की बास.

एवढं करूनही स्टड पुन्हा मोडतात ते सायलेन्सर चुकीच्या क्रमाने बांधल्यामुळे. बरेच जण मागचा फूटरेस्टजवळचा बोल्ट आधी आवळतात, मग पुढे पाईप ओढून बसवतात. तो ताण आणि चालताना सायलेन्सरची धडधड, दोन्ही त्या बारक्या स्टडवर येतात. म्हणून हेड आणि पाईपमधलं जुनं पॅकिंग (गॅस्केट) खरवडून काढा, नवं घाला, सगळे नट-बोल्ट हाताने लावा. पुढचे दोन नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा, फ्लँज (पाईपच्या तोंडाची, नट बसतात ती पट्टी) दोन्हीकडे सारखं राहील असे आवळा. मागचा बोल्ट शेवटी. गाडीच्या मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) पाळा. तो नसेल तर एम 6 ला साधारण 10 न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर.

मग अक्कलकोट रोडने दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, इंजिन पूर्ण निवू द्या आणि नट पुन्हा तपासा. नवं पॅकिंग दबतं, त्यामुळे पहिल्यांदा थोडं आवळावं लागणं ठीक आहे. दुसऱ्या तपासणीतही नट फिरत असेल तर आणखी जोर देऊ नका. पॅकिंग तिरपं बसलंय किंवा बेंड पाईप वाकलाय, तेव्हा जोड पुन्हा खोला.