जुन्या बुलेट-आरएक्सचा कार्बोरेटर: झिजलेला भाग कसा ओळखावा, कसा बदलावा

गाडी मिसिंग मारायला लागली की रिपेअर किट आणायचं आणि त्यातलं सगळं भरून मोकळं व्हायचं, ही सर्रास पद्धत. त्यानंतर गाडी कधी कधी आधीपेक्षा वाईट चालते. मेन आणि पायलट हे पितळी जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे भाग) सहसा झिजत नाहीत, ते चोंदतात. झिजतात ते हलणारे आणि एकमेकांवर घासणारे भाग: स्लाइड (रेसच्या केबलने वर-खाली होणारी गोल झडप), निडल (तिला लटकणारी सुई), निडल जेट (ती सुई ज्यात हलते ती नळी), फ्लोटची सुई (बाऊलमध्ये, म्हणजे खालच्या वाटीत, येणारं पेट्रोल अडवणारी). आणि वय होतं रबराचं. स्वस्त किटमधल्या जेटवर नंबर छापलेला असतो, पण भोक त्याच मापाचं असेल याची खात्री नसते. म्हणून मूळ जेट शाबूत असेल तर तोच ठेवावा.

खालची पद्धत कास्ट आयर्न बुलेट 350 च्या मिककार्ब व्हीएम 24 कार्बोरेटरला आणि यामाहा आरएक्स 100 च्या व्हीएम 20 ला धरून आहे. दोन्ही गोल स्लाइडचे.

खोलण्याआधी

एअर फिल्टर, प्लग आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक आधी बघा. पॉइंटची (कॉन्टॅक्ट पॉइंटच्या इग्निशनची) बुलेट असेल तर पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी हवा. कार्बोरेटरच्या माथी मारलेले बरेच दोष खरे इग्निशनचे निघतात.

मग रेसच्या मुठीवर चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. गाडी गरम करून मोकळ्या रस्त्यावर चालवा आणि त्रास नेमका कुठल्या खुणेवर होतो ते टिपा. आयडलिंगपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट (आयडलिंगचा छोटा जेट) आणि एअर स्क्रूचं (त्यातली हवा कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूचं) राज्य. तिथून पावापर्यंत स्लाइडच्या खालच्या तिरप्या कापाचं, पाव ते पाऊण निडल आणि निडल जेटचं, त्यापुढे मेन जेटचं. अर्ध्या रेसवर गाडी गुदमरते आणि प्लग काळा पडतो, अशा वेळी मेन जेट बदलण्यात काही अर्थ नाही. तिथे निडल जेट बघायचा.

उभ्या गाडीतून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची सुई, तिची सीट किंवा फुटका फ्लोट. रेस सोडल्यावर आयडलिंग लवकर खाली येत नसेल, तर आधी केबल अडकते का बघा. ती मोकळी असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनच्या जोडावर साबणाचं पाणी थोडं थोडं सोडा. आयडलिंग बदललं की गळती तिथेच. (काही जण इथे पेट्रोल उडवतात. गरम सायलेन्सरशेजारी हा उद्योग नको.)

खोलताना

कॉक बंद करा, बाऊल रिकामा करा, काम उघड्या हवेत करा. बाऊलचे स्क्रू वर्षानुवर्षं बसलेले असतात. नीट बसणारा स्टार स्क्रूड्रायव्हर लावून त्याच्या मुठीवर हातोडीचा हलका ठोका द्या, मगच फिरवा. फुली एकदा गुळगुळीत झाली की पुढचा वेळ ड्रिलिंगमध्ये जातो. पायलट जेटसाठी खाचेइतक्याच रुंदीचं पातं हवं, नाहीतर पितळ तुटून जेट आतच राहतो.

एअर स्क्रू काढण्याआधी पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवा. स्क्रू टेकला की थांबा. जोर दिला तर टोकावर खाच पडते आणि त्याची सीटही बिघडते.

काय तपासायचं

फ्लोटची सुई उजेडात धरा. रबरी टोकावर गोल खाच उमटली असेल तर सुई आणि सीट दोन्ही बदला. सीटखालचं वायसरही नवीनच हवं. फ्लोट गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर तो फुटलाय.

निडल काचेवर लोळवा. वाकलेली असेल तर लगेच कळतं. मधल्या भागात एका बाजूला चकचकीत पट्टा दिसला तर ती निडल जेटवर घासत आलीय, आणि जेटचं भोक बहुधा लंबगोल झालंय. मायलेज हळूहळू पडण्याचं हे मोठं कारण, आणि नुसती नवी निडल टाकून ते सुटत नाही. दोन्ही जोडीनेच बदलावेत. व्हीएममध्ये मेन जेट काढल्यावर निडल जेट खालून ढकलला की वरून निघतो. परत बसवताना त्याची खाच बॉडीतल्या पिनवर बसलीच पाहिजे.

स्लाइड बॉडीत घालून बोटाने पुढे-मागे हलवा. खडखडाट जाणवला आणि बॉडीत घासल्याच्या रेघा असतील तर किट वाया जाईल. बॉडीच झिजली असेल तर नवी स्लाइडही ढिली बसते. अशा वेळी पूर्ण कार्बोरेटर बदलणंच शहाणपणाचं.

चोकच्या प्लंजरखालचं रबर बहुतेक जण बघतच नाहीत. ते कडक झालं की चोक बंद असूनही पेट्रोल आत जातं आणि गाडी कायम रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) चालते. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर आणखी लवकर खराब होतं, म्हणून ओ-रिंगा हाताशी आल्या की बदलून टाका.

नट जास्त आवळल्याने फ्लँज (कार्बोरेटर इंजिनला जोडणारी सपाट कड) वाकते. तिच्यावर स्टीलची पट्टी उभी धरा. मधून उजेड दिसला तर काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा.

जेट साफ करताना पिन किंवा तार खुपसू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरतो. अगदीच अडलं तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार. क्लीनर मारण्याआधी सगळी रबरं काढून ठेवा.

बसवताना

1. फ्लोटची उंची मॅन्युअलमधल्या मापाने लावा. माप घेताना फ्लोटची पत्ती सुईला नुसती टेकलेली हवी, सुईची स्प्रिंग दबलेली नको.
2. बॉडी उलटी धरून पेट्रोलच्या नळीतून पंपाने हलकी हवा मारा. हवा निसटली तर सुई बसलेली नाही.
3. निडलची क्लिप होती त्याच खाचेत लावा. क्लिप एक खाच खाली गेली की निडल वर येते आणि मिश्रण रिच होतं.
4. स्लाइडचा काप एअर फिल्टरच्या बाजूला, आणि उभी खाच बॉडीतल्या पिनवर. उलटी बसली तर किक मारताच इंजिन सुसाट रेस होतं.
5. इंजिन चालू करण्याआधी मूठ सोडून बघा. स्लाइड टक्कन खाली आपटली पाहिजे.

एअर स्क्रू दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करा. इंजिन नीट गरम झाल्यावर पाव-पाव फेरा फिरवत आयडलिंग सगळ्यात वर जाईल ती जागा शोधा, मग स्लो स्क्रूने (आयडलिंगचा वेग ठरवणाऱ्या स्क्रूने) ते खाली आणा. व्हीएममध्ये एअर स्क्रू आत गेला की मिश्रण रिच होतं. अर्ध्या फेऱ्याच्याही आत नेल्याशिवाय गाडी आयडलिंग धरत नसेल, तर पायलट जेट चोंदलाय किंवा अजून कुठून हवा शिरतेय. अडीच फेऱ्यांपलीकडे जावं लागलं तर पायलट जेट मोठा पडतोय.

शेवटी काही किलोमीटर चालवून प्लग काढा. तपकिरी ठीक, काजळी म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त). आरएक्समध्ये प्लग पांढरा दिसला तर पुढे चालवू नका. टू-स्ट्रोकचा पिस्टन लीन मिश्रणावर लवकर जाम होतो. केबलला हात लागला असेल तर आरएक्सच्या ऑइल पंपाची खूणही जुळवून घ्या.