हॅझॉपचा अहवाल जुना, प्लांट आजचा: जोखीम तपासताना या चुका टाळा

रासायनिक कारखान्यात धोक्यांचा सविस्तर अभ्यास, म्हणजे हॅझॉप होतो, अहवालावर सह्या होतात आणि फाईल कपाटात जाते. प्लांट मात्र त्या दिवसापासून रोज थोडा थोडा बदलत राहतो. अमेरिकेच्या १९९२ सालच्या नियमानुसार असा अभ्यास किमान दर ५ वर्षांनी पुन्हा तपासावा लागतो आणि आपल्याकडेही अनेक कारखाने हाच पायंडा पाळतात. ५ वर्षे ही कमाल मुदत आहे, हे विसरून तोवर काही पाहण्याची गरज नाही असे धरणे, ही पहिली चूक.

अहवालातला आकडा कशावर उभा आहे, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा, रिअ‍ॅक्टरचे कूलिंग १० वर्षांतून एकदा बंद पडेल असे गृहीत धरले आहे आणि त्यामागे दोन स्वतंत्र संरक्षणे आहेत, ज्यांपैकी प्रत्येक संरक्षण दर १० प्रसंगांत एकदा दगा देईल. मग मोठ्या अपघाताची शक्यता १,००० वर्षांतून एकदा इतकी कमी येते. आता तापमानाचा ट्रान्समीटर चुकीचे आकडे दाखवतो म्हणून रात्रपाळीत कोणी त्यांपैकी एका संरक्षणाला, म्हणजे तापमान वाढताच प्रक्रिया आपोआप थांबवणाऱ्या ट्रिपला, जंपर टाकला (तार जोडून ती निकामी केली), तर जंपर असेपर्यंत तीच शक्यता १०० वर्षांतून एकदा होते. दुसरे संरक्षणही दुरुस्तीला काढले असेल, तर १० वर्षांतून एकदा. भिंतीवर लावलेल्या जोखीम तक्त्यात तो चौकोन मात्र हिरवाच राहतो.

म्हणून निदानाची सुरुवात बायपास रजिस्टरपासून, म्हणजे तात्पुरत्या निकामी केलेल्या संरक्षणांच्या नोंदवहीपासून करावी. ‘स्पेअर आल्यावर काढणे’ अशी मोघम नोंद दिसली की तो बायपास कायमचा झाला असे खुशाल समजावे. प्रत्येक बायपासला संपण्याची तारीख आणि वेळ, मंजूर करणाऱ्याचे नाव आणि तोवरची पर्यायी व्यवस्था, उदाहरणार्थ दर १५ मिनिटांनी जागेवरच्या गेजचे रीडिंग, या गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निकामी असलेली सगळी संरक्षणे एकाच पानावर एकत्र दिसली पाहिजेत. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीचे शीतकरण बंद होते, वायू शोषणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता आणि वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणारी पाइपलाइन दुरुस्तीसाठी काढलेली होती. यांतला प्रत्येक निर्णय वेगळा पाहिला तर किरकोळ वाटावा असाच होता.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ती प्लांट बंद असताना होते. उत्पादन थांबले म्हणजे धोकाही थांबला, असा समज विशाखापट्टणमला महागात पडला. ७ मे २०२० च्या पहाटे तिथल्या पॉलिमर कारखान्यातल्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि १२ जणांचा जीव गेला. लॉकडाउनमुळे माल अनेक आठवडे टाकीत पडून होता. स्टायरीन साठवणीतही स्वतःहून पॉलिमर होऊ लागते, त्यातून उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने ती क्रिया आणखी वेग घेते. तिला आवर घालणारे इनहिबिटर दिवसांगणिक खर्ची पडते आणि माल तापला की ते अधिक लवकर संपते. त्यात तापमान मोजणारा सेन्सर टाकीच्या तळाशी होता, त्यामुळे वरचा थर तापत असताना कंट्रोल रूममधला आकडा निर्धास्त करणारा होता. शटडाउन लांबला, तर प्रत्येक टाकीबाबत चार गोष्टी नव्याने विचाराव्यात: माल किती दिवस पडून आहे, इनहिबिटर शेवटचे कधी तपासले, माल फिरवला जातो का आणि मोजमाप नेमक्या कोणत्या पातळीवर होते.

पाळी बदलताना जोखमीची माहिती तोंडी देऊन मोकळे होणे, ही चूक तर सर्रास आढळते. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलमंचावर ६ जुलै १९८८ च्या रात्री एक पंप बंद पडल्यावर दुसरा सुरू करण्यात आला. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे नुसती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी चकती बसवली आहे, हे रात्रपाळीला कळलेलेच नव्हते. त्या पंपावरच्या कामांची दोन वेगवेगळी परमिटे (लेखी परवाने) होती आणि रात्रपाळीच्या हिशेबात त्यांतले एकच होते. त्या रात्री १६७ माणसे मेली. एका यंत्रावरची सगळी परमिटे एकत्र लावली आणि पाळी देणारा व घेणारा दोघेही जागेवर जाऊन पाहून आले, तर असा घोळ बहुधा तिथल्या तिथे उघडा पडतो.

हॉटवर्क परमिटवर, म्हणजे वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाच्या परवान्यावर, सकाळी ९ ची गॅस टेस्ट (हवेत ज्वालाग्राही वायू आहे का, याची तपासणी) आणि वेल्डिंग दुपारी जेवणानंतर, हा प्रकारही त्यातलाच. काम थांबून पुन्हा सुरू झाले की टेस्ट पुन्हा करावी.

कॅलेंडरही जोखीम बदलते. कोकणपट्ट्यातल्या वसाहतींमध्ये गणपतीला निम्मे हात गावी जातात आणि त्याच दिवसांत पाऊस आणि विजेचा लपंडाव चालू असतो. पाण्याशी संयोग होताच पेटणारा सोडियम धातू उन्हाळ्यात तळमजल्यावर सुरक्षित वाटला, म्हणून जुलैतही तिथे तसाच सुरक्षित राहील, असे नाही.

शेवटी, माणसे कुठे बसतात, याकडे लक्ष न देण्याची चूक. २३ मार्च २००५ ला टेक्सास सिटीच्या रिफायनरीत युनिट सुरू करताना स्फोट झाला. त्यात मेलेले १५ जण कंत्राटी कामासाठी आणून ठेवलेल्या तात्पुरत्या केबिनमध्ये किंवा त्यांच्या आसपास होते आणि शेजारचे युनिट सुरू होत आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती. स्टार्टअपच्या आदल्या दिवशी नकाशा बाजूला ठेवून आवारातून एक पायी फेरी मारावी आणि कोणती केबिन, कोणते शेड, चहाचे कोणते टेबल वायू बाहेर सोडणाऱ्या कोणत्या व्हेंटपासून किती पावलांवर आहे, ते मोजून लिहून घ्यावे.