सिडनी–होबार्ट नौकाशर्यत सांगलीतून कशी पाहावी

कृष्णेतील होड्यांची शर्यत आयर्विन पुलावर उभे राहिले की बऱ्यापैकी डोळ्यांसमोर घडते आणि जी होडी पुढे ती पहिली, यावर कोणाचे दुमत नसते. ऑस्ट्रेलियातील सिडनी–होबार्ट ही शिडाच्या नौकांची शर्यत पाहताना या दोन्ही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. ती 628 सागरी मैलांची, म्हणजे सुमारे 1,163 किलोमीटरची आहे. किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाला तिचा पहिला तासभर तेवढा दिसतो, पुढची सगळी शर्यत नकाशावर पाहायची असते आणि होबार्टला आधी पोहोचलेली नौका मुख्य करंडकाची मानकरी ठरेलच असे नाही. घरबसल्या पाहणाऱ्याचे त्यामुळे फारसे बिघडत नाही, असे माझे मत आहे.

शर्यत 26 डिसेंबरला सिडनीच्या वेळेनुसार दुपारी एकला सुटते. तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. सव्वासातपासूनच पडद्यासमोर बसावे, कारण शेवटच्या दहा मिनिटांत नौकांची जागेसाठी चाललेली झटापट हाच सुरुवातीचा खरा भाग असतो. शिडाची नौका रेषेवर थांबून राहू शकत नाही. त्यामुळे तोफेच्या क्षणी पूर्ण वेगात रेषेवर यावे, पण क्षणभरही आधी ओलांडू नये, अशी कसरत प्रत्येक सुकाणूधारकाला करावी लागते. घाई झालेल्या नौकेला मागे वळावे लागते. बंदराच्या मुखातून बाहेर पडल्यावर ताफा उजवीकडे, दक्षिणेला वळतो आणि थोड्याच वेळात चित्रण संपते.

त्यानंतर शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावरील ट्रॅकर, म्हणजे नौकांची जागा दाखवणारा नकाशा, उघडावा आणि शेजारी वाऱ्याचा नकाशा दाखवणारे विंडीसारखे ॲप ठेवावे. सगळ्या नौकांवर नजर ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. शंभर फुटी मोठ्या नौकांपैकी एक, मधल्या आकाराची एक आणि केवळ दोघांनी चालवलेली एक, अशा तीन निवडल्या की पुरे. दोघांच्या नौकांचा गट 2021 पासून आहे आणि चिकाटी पाहायची असेल तर तो सोडू नये.

ट्रॅकरवरील 'उरलेले अंतर' हा आकडा पहिल्या दिवशी फसवा असतो. किनाऱ्यालगत सरळ जाणारी नौका पुढे दिसते, तर खोल समुद्रात शिरलेली मागे पडल्यासारखी वाटते. पण तिकडे दक्षिणेकडे वाहणारा पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह तिला फुकटचा वेग देत असण्याची शक्यता असते. हाच प्रवाह दक्षिणेकडून वारा सुटला की उलटतो तो खलाशांवर, कारण वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाटा उंच आणि उभ्या होतात. ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया यांमधली पुढची बास सामुद्रधुनी तर उथळ आहे, त्यामुळे तिथे लाटा आणखी उसळतात. 1998 साली तिथल्या वादळात सहा खलाशी मृत्युमुखी पडले, पाच नौका बुडाल्या आणि निघालेल्या 115 पैकी केवळ 44 नौका होबार्टला पोहोचल्या. आता सामुद्रधुनीत शिरण्यापूर्वी ग्रीन केपजवळ प्रत्येक नौकेला, आपण पुढे जाण्यास सक्षम आहोत, असे रेडिओवरून कळवावे लागते. एखाद्या नौकेपुढे 'निवृत्त' असे दिसले तर लगेच धास्तावू नये. बहुतेक वेळा शीड फाटलेले किंवा डोलकाठीत बिघाड झालेला असतो.

शेवटचा टप्पा झोप मोडून पाहावा असा आहे. टास्मान बेटाला वळसा घालून नौका स्टॉर्म बे या उपसागरातून डरवेंट नदीत शिरतात आणि नदीत रात्री वारा पडला की दीड दिवसात कमावलेली आघाडी तासाभरात वितळते. 2017 मध्ये कोमांची या नौकेने 1 दिवस 9 तास 15 मिनिटे 24 सेकंदांचा विक्रम केला. तीच नौका 2023 मध्ये अंतिम रेषेजवळ लॉकनेक्टकडून अवघ्या 51 सेकंदांनी मागे पडली. आपल्याकडे तेव्हा 28 डिसेंबरच्या पहाटेचे अडीच वाजून गेले होते.

डिसेंबरात मुलांकडे सिडनीला असणाऱ्यांनी मात्र प्रत्यक्ष जावे. वॉटसन्स बेला फेरीने जाऊन तिथून साऊथ हेडच्या लाल-पांढऱ्या दीपगृहापर्यंत चालत जाणे सोयीचे, कारण नौका समोरूनच वळसा घेतात. गाडी नेऊ नये, सकाळीच जागा धरावी. तिकडे तेव्हा भर उन्हाळा असल्याने टोपी, पाणी आणि दुर्बीण जवळ असावी.

आता निकालाविषयी. प्रथम पोहोचणाऱ्या नौकेचा मान वेगळा आणि टॅटरसॉल हा मुख्य करंडक वेगळा. करंडकासाठी प्रत्येक नौकेच्या लागलेल्या वेळेला तिच्या क्षमतेनुसार ठरवलेल्या गुणांकाने गुणतात. समजा, मोठ्या नौकेला 40 तास लागले आणि तिचा गुणांक 1.9 आहे, तर तिची सुधारित वेळ 76 तास होते. 1.0 गुणांकाची छोटी नौका 75 तासांत आली तर तीच सरस ठरते. म्हणून मोठ्या नौका पोहोचल्यावर ट्रॅकर बंद न करता गुणांकानुसार लागलेली क्रमवारी उघडावी आणि मागच्या नौकांना अजून किती वेळ हाताशी आहे ते मोजत राहावे. तक्रारींची सुनावणी संपेपर्यंत अंतिम नाव पक्के धरू नये.