हुमणातला नारळही तेलातच मोजा

गेल्या वर्षी आमच्या ह्यांची मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 8.2 आली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात महिन्याला तेल किती लागतं?" मला सांगताच आलं नाही. फोंड्याला घरी आल्यावर दुकानाची वही काढली, तर तीन माणसांत चार लिटर! नारळ परसातलेच, त्यामुळे त्यांची तर कुठे नोंदच नव्हती.

म्हणून आधी तेल मोजायला लागा. तेल कुठलं चांगलं ते नंतर बघू. अर्ध्या लिटरची बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहा. आम्ही माणशी चार छोटे चमचे ठरवले, म्हणजे तिघांचे मिळून दिवसाला 60 मिली. ह्या हिशेबानं बाटली आठ दिवस पुरायला हवी. पहिली पाचव्याच दिवशी संपली. फोडण्या तर मी चमच्यानंच घालत होते, मग गेलं कुठे? रव्यात घोळवलेल्या बांगड्यांच्या तव्यावर. आता तवा आधी चांगला तापवते, दोन चमचे तेल पसरते आणि झाकण ठेवते.

घाण्याचं असो, महागातलं असो, कुठल्याही तेलाच्या एका ग्रॅममागे 9 कॅलरी येतात. वजन वाढवायच्या बाबतीत सगळी तेलं सारखीच.

आता नारळ. एका मध्यम नारळाचा चव, म्हणजे खवलेलं खोबरं, मी काट्यावर ठेवला, तो 240 ग्रॅम भरला. ओल्या खोबऱ्यात साधारण तिसरा हिस्सा चरबी असते, म्हणजे एका हुमणात, आपल्या नारळाच्या वाटपाच्या मासळीच्या कालवणात, 80 ग्रॅम, सतराअठरा छोटे चमचे! हे कळलं त्या दिवशी मी खरंच हबकले. नारळ सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही, आपल्या घरात ते कुणाला जमणारही नाही. पण पूर्ण नारळाचा अर्धा करा. वाटपात कांदा थोडा वाढवा, पाणी बेतानं घाला. तिरफळं आणि सोलं (आमसुलं) तेवढीच राहू द्या. आमच्या सासूबाईंना तिसऱ्या खेपेला फरक जाणवेनासा झाला. आणि ज्या दिवशी नारळाचं वाटप, त्या दिवशी फोडणीला खोबरेल नको.

तेलाची निवड इथे कामाला येते. खोबरेलात 90 टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी असते आणि ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक आम्ल, सूर्यफुलात बहुतेक वेळा लिनोलेइक जास्त; ही दोन्ही असंपृक्त चरबी. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा 2014 सालचा एक प्रयोग मला फार पटला. 39 सडपातळ तरुणांना सात आठवडे रोजच्या जेवणावर जास्तीचे मफिन खायला दिले, काहींना संपृक्त चरबी जास्त असलेल्या पामतेलाचे, काहींना सूर्यफूल तेलाचे. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं, सुमारे 1.6 किलो. पण पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटात चरबी जास्त साठली. मधुमेहात ह्याच आतल्या चरबीमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. म्हणून रोजच्या फोडणीला शेंगदाणा किंवा सूर्यफूल घ्या. खोबरेलाचा एक कच्चा चमचा मी खतखत्यावर (मिसळीच्या भाज्यांवर) अजून सोडते, तो वास गेला तर खतखतं कसलं! पण तोही चारांतच धरते.

2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त आपल्या गोव्यातच निघालं, 26.4 टक्के. म्हणून शेजारणींनाही हे मी आवर्जून सांगते.

आठ महिन्यांनी ह्यांची साखर 7.3 वर आली. गोळ्या चालू होत्या, संध्याकाळचं चालणंही होतं, त्यामुळे सगळं श्रेय तेलाला देणार नाही. गोळ्यांत फेरबदल डॉक्टरांना विचारूनच करा.

शाकाहाराच्या दिवशी, सोमवारी-गुरुवारी, बांगड्यातलं ओमेगा-3 मिळत नाही. तेव्हा जवसाची चटणी करा. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, लसूण, सुकी मिरची, मीठ आणि दोन सोलं घालून वाटा. अख्खे दाणे बरेचसे न पचताच जातात, म्हणून पूड हवीच. मोठा चमचाभर पुडीत दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-3, मिळतं. शरीर त्याचा थोडाच भाग मासळीतल्या ओमेगा-3 मध्ये बदलतं, म्हणून मासळी खाणाऱ्यांनी ती सोडू नये. चटणी आठवड्यापुरतीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या दमट हवेत बाहेर राहिली की खवट होते. तसा वास आला तर सरळ टाकून द्या.