कुंडीतली पानं ताटात येईपर्यंत: या चुका टाळा

बेसिल, पुदिना, कोथिंबीर, पार्सली घरी लावणाऱ्यांच्या दोन तक्रारी मी सतत ऐकते. एक, झाड मेलं. दुसरी, पानं खाऊन तब्येतीत काही फरक पडला नाही. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा घाई असते.

सगळ्यात जास्त झाडं मरतात ती पाण्याने. एका मैत्रिणीचा फोन आला, "अगं, सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, तरी बेसिल मान टाकतंय." जाऊन पाहिलं तर कुंडीत नुसता चिखल. कुंडी शोभेची, तळाला भोकच नाही. रोप उपटलं, तर मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि कुबट वासाची. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून भर चिखलातही झाड तहानलेलं दिसतं आणि माणूस आणखी पाणी ओततो. तिने तर वर खतही घातलं होतं, लवकर सुधारावं म्हणून! शेवटी हिरवे राहिलेले शेंडे कापून ग्लासभर पाण्यात ठेवले. त्यांना मुळं फुटली आणि नवं रोप मिळालं.

मी पाण्याचं वेळापत्रक ठेवत नाही. बोट दोन पेरं मातीत घालते. कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोझमेरी आणि थाइम ही भूमध्य समुद्राकाठची, कोरड्या जमिनीची झाडं. त्यांची माती याहूनही जास्त सुकू द्यावी.

पुदिना वेगळ्या कुंडीत लावा, तो शेजाऱ्यांना जगू देत नाही. कोथिंबिरीचं रोप उपटून दुसरीकडे लावू नका, सोटमूळ दुखावतं. उष्णता वाढली, दिवस लांबला की ती फुलावर येणारच, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरत राहा. बेसिलची खालची पानं ओरबाडू नका. पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडला की तिथून दोन फांद्या फुटतात. शोभेच्या झाडांवरचं कीटकनाशक खायच्या पानांवर कधीच नको.

आता दुसरी चूक, जिची मला खरी काळजी वाटते: पानांना औषध समजून जुडीच्या जुडीचा रस पिणं. आठवड्यात गुण हवा असणारे हा आडमार्ग धरतात. १०० ग्रॅम पार्सलीत साधारण १६०० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं, आणि ते रक्त गोठायला मदत करतं. पदार्थावर भुरभुरलेल्या चमचाभर पानांनी सहसा बिघडत नाही. पण रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्याने अचानक रोज पेलाभर रस सुरू केला, तर गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. अशा माणसाने हिरव्या पानांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं आणि बदल करायचा तर आधी डॉक्टरांशी बोलावं. पुदिन्याने काहींची छातीतली जळजळ वाढते. असं होत असेल तर पचनासाठी म्हणून त्याचा आग्रह धरू नका.

मग फायदा कुठे? माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा मिठात आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. ताज्या पानांचा वास आणि चव असेल तर मीठ कमी केलेलं जेवणही बेचव लागत नाही. मीठ कमी झालं की रक्तदाबाला मदत होते. मात्र जीभ सरावायला काही आठवडे द्यावे लागतात. आणि कोवळी पानं गॅस बंद केल्यावरच घाला. उकळत ठेवली की सुगंध उडतो, क जीवनसत्त्वही घटतं.

पानं उरली तर तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची नाहीत. तेलाखाली हवा पोचत नाही आणि अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात, ते वासावरून कळतही नाही. मी पानं चिरून, तेलात कालवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि लागेल तसा एकेक तुकडा काढते.