डॉसचं जुनं सॉफ्टवेअर, नवा प्रिंटर: या चुका टाळा

कापसाचा हंगाम लागला की हिंगणघाट-वणीकडच्या एखाद्या जिनिंगमधून फोन येतोच: "भाऊ, वजनकाट्याची पावती निघूनच नाही राहिली!" जाऊन पाहावं तर जुना डॉट मॅट्रिक्स कोपऱ्यात आणि टेबलावर कोरा यूएसबी लेझर. वर्डमधून छान छापतो, पण विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोच्या पावती-प्रोग्राममधून एक ओळ नाही.

मग मुलं ड्रायव्हर काढतात, पुन्हा टाकतात. चारदा. अरे, डॉसचा प्रोग्राम ड्रायव्हरला विचारतच नाही! तो अक्षरं थेट एलपीटी१ पोर्टवर (जुन्या पॅरलल प्रिंटरच्या जोडणीवर) फेकतो, आणि यूएसबी प्रिंटर त्या पोर्टवर नसतोच. यूएसबीची पॅरलल केबल आणली तरी तेच. विंडोज तिला यूएसबी००१ असं काहीतरी नाव देते.

उपाय असा: प्रिंटर शेअर करा, नाव छोटं आणि सलग ठेवा. मग 'नेट यूज' कमांडने एलपीटी१ त्या शेअरकडे वळवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ही कमांड अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) देणं. नेहमीसारखा उघडलेला प्रोग्राम ती जोडणी पाहू शकत नाही. साध्या खिडकीतच द्या, आणि प्रोग्राम उघडण्याआधी 'डीआयआर'ची यादी एलपीटी१ कडे पाठवून पाहा.

तरीही कोरा कागद किंवा कचरा आला, तर प्रिंटरची भाषा तपासा. बऱ्याच स्वस्त लेझरना साधा मजकूर कळत नाही, पान विंडोजनेच रेखाटून द्यावं लागतं. लेझर घेताना पीसीएल (साधा मजकूर समजणारी प्रिंटरची भाषा) आहे का, एवढं विचारा. पण पीसीएलवरही बारीक अक्षरांचे मॅट्रिक्सचे कोड चालत नाहीत, आकडे सरकतात. दिवा लुकलुकतोय पण पान बाहेर येत नाही? प्रोग्रामने शेवटी फॉर्म फीड, म्हणजे पान बाहेर काढायला सांगणारा कोड १२, पाठवलेला नाही. लेझर पान भरायची वाट पाहत बसतो.

कॉम्प्युटरही नवा घेतला असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, तिच्यावर १६ बिटचा डॉस प्रोग्राम उघडतच नाही. तिथे व्हीडॉस हे विंडोजमध्येच डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर वापरा; ते छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे स्वतःच वळवतं, एलपीटीची कटकट राहत नाही.

माझं विचाराल तर काट्यावर लेझर घेऊच नये. शेतकऱ्याला एक, गाडीवाल्याला एक, फाईलला एक अशा कार्बनच्या प्रती लेझर कशा देणार? एप्सन एलएक्स-३१० सारख्या ९ पिनच्या मशीनला पॅरलल आणि यूएसबी दोन्ही पोर्ट आहेत. मागे २५ पिनचा पॅरलल पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर असेल तर थेट जोडा, फक्त दोन्ही मशीन बंद करून.

आणि तो कोपऱ्यातला जुना? झाकण उघडून पाहा. मागच्या वेळी हेडच्या दांडीवर मूठभर रुई अडकली होती, एवढंच.